आधी पंखा बंद कर

अगं, काल रात्री साडेअकराला तू पाठवलेली यादी मी आज सकाळी चहा घेताना वाचली. अकरा वस्तू! कंडेन्सर माइक, इंटरफेस, दोन स्पीकर, मिडी कीबोर्ड, भिंतीला लावायच्या फोमच्या लाद्या, आणि सगळ्यात खाली, "ताई, यातलं नक्की काय घेऊ? डोकं फुटायची वेळ आलीय." बघ, फुटणारच. पंधरा दिवस तू ऑफिसातून येताना लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाईलवर माइकची परीक्षणं बघतेयस, आणि प्रत्येक जण तुला वेगळंच काहीतरी घ्यायला सांगतोय. तुझं काही चुकलेलं नाही. मार्चअखेरचे हिशेब जुळवणारी मुलगी तू, हे तुला न जमायला काय झालं? फक्त सुरुवात दुकानापासून केलीस. ती घरापासून करायची असते. आधी ते ऑनलाइन भरून ठेवलेलं सामान सगळं काढून टाक. टाकलंस? मग आता बस आणि ऐक.

दोनच गोष्टी आधी ठरवायच्या. काय रेकॉर्ड करायचंय आणि कुठे बसून. पहिल्याचं उत्तर तू मला मागच्या चतुर्थीला देवळातून परतताना दिलंस. तुझे अभंग, हार्मोनियमच्या साथीने, आणि आजी आहे तोवर तिच्या जात्यावरच्या ओव्या. मग यात मिडी कीबोर्ड कुठून आला? त्याच्यातून स्वतःचा आवाज निघतच नाही, तो संगणकाला फक्त कुठली पट्टी दाबली तेवढं कळवतो. तुझ्याकडे खरी हार्मोनियम आहे. खोडला तो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टिटवाळा, आणि यादी करताना तू नेमकं हेच विसरलीस.

आज रात्री जेवणं झाली की एक काम कर. मोबाईल घे, त्यातला रेकॉर्डर चालू कर आणि प्रत्येक खोलीत एकेक मिनिट नुसती गप्प बसून राहा. मग हेडफोन लावून ते ऐक. फ्रिजची घरघर, सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज, कोणाचा तरी टीव्ही, आणि मधेच कसाऱ्याच्या गाडीचा भोंगा. आपली ही मेन लाइन, शेवटची लोकल गेली तरी नाशिककडच्या मेल आणि मालगाड्या रात्रभर चालूच असतात. पावसाळ्यात मांड्याच्या बाजूच्या शेतातले बेडूक. अंगारकी असली की पहाटेपासून देवळाकडे जाणारी गर्दी, त्या दिवशी तर रेकॉर्डिंगचं नावच काढू नकोस. हे सगळं आपल्या कानांना सवयीचं झालंय म्हणून ऐकू येत नाही. माइकला असली सवय होत नाही गं, समोर येईल ते तो गोळा करतो.

आणि सगळ्यात मोठा आवाज तुला डोक्यावर सापडेल. पंखा. मे महिन्यात पंखा बंद करून गायचं म्हणजे घामाच्या धारा, मला ठाऊक आहे. तरी बंद करायचा. पंख्याचा नुसता आवाज येत नाही, त्याचा वारा माइकच्या जाळीवर आदळतो आणि मागे एक जाड गुरगुर राहते. पहिली तीन वर्षं मी पंखा 'एक'वर ठेवून गात होते आणि आवाजात ही घाण कुठून येतेय म्हणून केबली बदलत होते. तू तसं करू नकोस. एक अभंग गा, पंखा लाव, पाणी पी, मग दुसरा.

आता खोली. हॉलमध्ये मधोमध उभी राहून एक टाळी वाजव. टाळीच्या मागे 'झ्यंग' असा शेपटीसारखा आवाज आला ना? त्या चकचकीत लाद्या आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. तोच आवाज तुझ्या गाण्यावर बसला की गाणं बाथरूममध्ये म्हटल्यासारखं वाटतं, आणि मग लोक म्हणतात माइक चांगला नाही. आता तीच टाळी बेडरूममध्ये, कपाट उघडं टाकून वाजव. फरक कळेल. साड्या, रजया, गाद्या, उशा हे सगळं आवाज पिऊन टाकतं. म्हणून यादीतल्या त्या फोमच्या लाद्याही खोडायच्या. पातळ फोम वरचे बारीक आवाज थोडे शोषतो, खालचे जाड आवाज त्याला दाद देत नाहीत. मी तर एकेकाळी अंड्यांचे ट्रे गोळा करून भिंतभर चिकटवले होते. त्यांनी काहीही झालं नाही, रंग तेवढा निघून आला. त्यापेक्षा आजीच्या हातच्या दोन गोधड्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाक आणि तो स्टँड तुझ्या पाठीमागे उभा कर. माइक आपल्या समोरचं ऐकतो, म्हणजे तुझ्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज थेट त्याच्या तोंडात जातो. म्हणून पाठीमागे गोधडी, समोर उघडं कपाट. खिडकीला जाड पडदा हवा तर उल्हासनगरच्या गजानन मार्केटातून कापड आण आणि दुहेरी शिवून घे. अजून एका रुपयाचीही वायर आपण घेतलेली नाही, आणि खरं सांगू का, अर्धं काम इथेच झालं.

आता माइक. यादीत पहिला नंबर कंडेन्सरला दिलायस. कोणी सांगितलं, "स्टुडिओत तोच असतो," म्हणून. खरं आहे ते. पण स्टुडिओत दार बंद केलं की आत सुईचा आवाज येत नाही. कंडेन्सरमध्ये एक अगदी पातळ पडदा असतो, त्याच्यामागे धातूची पट्टी, आणि दोघांत विजेचा भार. पडदा इतका हलका की श्वाससुद्धा टिपतो. डायनॅमिक माइकची रचना साधी. पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं, ते लोहचुंबकात हलतं आणि त्यातून वीज तयार होते. पडदा जरा जड, म्हणून तो बारीकसारीक गोष्टींकडे कमी लक्ष देतो. कल्याणला अत्रे रंगमंदिरात कार्यक्रमाला गेलीस की बघ, गाणाऱ्याच्या तोंडाशी जवळजवळ नेहमी असलाच माइक असतो. त्यातलं शुअर एसएम५८ हे मॉडेल १९६६ पासून चालू आहे. हातातून पडतो, घाम पितो, पुढच्या कार्यक्रमाला परत उभा.

तुझ्यासाठी मी डायनॅमिक सांगतेय, पण का ते नीट समजून घे, नाहीतर उद्या मलाच विचारशील की ताई, तरी गाडी ऐकू येतेच की. डायनॅमिक माइकात गाडी गाळून टाकणारी चाळण नसते. तो फक्त असा असतो की तुला त्याच्या जवळ जाऊन गावं लागतं. आणि जवळ गेलीस की सगळं गणित तुझ्या बाजूने फिरतं. अंतर निम्मं केलंस तर तुझा आवाज माइकपाशी साधारण दुपटीने पोचतो, खोलीचा आणि गाडीचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. म्हणजे चार-पाच बोटांच्या अंतरावरून गायलीस तर मागचं सगळं आपोआप मागे पडतं. फार चिकटू नकोस, जवळून गाताना आवाज जाड होत जातो. मंद्रातल्या ओळीला तो जाडपणा गोड लागतो, पण सगळा अभंग तसा झाला तर शब्द कळत नाहीत. वीतभर ते चार बोटं, या मापात खेळत राहा.

हे मागे-पुढे होणं काही आजचं नाही. भारतात १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान पहिल्यांदा तबकडीसाठी गायल्या तेव्हा विजेवरचा माइकच नव्हता. समोर एक मोठा भोंगा, त्यात तोंड घालून गायचं, आणि आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ ओढायची. तार सप्तकात गेलं की मागे सरायचं, हळू स्वराला पुढे यायचं. तीनेक मिनिटांत सगळा राग मांडायचा आणि शेवटी स्वतःचं नाव सांगायचं. विजेवरचं रेकॉर्डिंग आलं ते १९२५ नंतर. इतक्या अडचणीत त्या काळच्या गायिकांनी जे गाऊन ठेवलं ते आपण आजही ऐकतो. तुला तर पुन्हा पुन्हा गायची मुभा आहे, घाबरतेस कसली?

अगं हो, आपल्या अभंगांत 'प' किती! पांडुरंग, पंढरी, पताका, पुंडलिक. प्रत्येक 'प'ला तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माइकमध्ये 'भप्प' होतं. त्यासाठी पॉप फिल्टर विकत मिळतो, पण भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवलास तरी तेच काम होतं. माझा अजून तोच आहे. माइकपासून तीन-चार बोटांवर तो धर आणि माइक तोंडाच्या थेट समोर न ठेवता किंचित एका बाजूला ठेव.

माइक घेताना एक सांभाळ. नावाजलेल्या माइकच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात. खोकं तसंच, जाळी तशीच, आत मात्र भलतंच. किंमत निम्म्याने कमी दिसली की हरखून जाऊ नकोस. पक्कं बिल आणि कंपनीची वॉरंटी घे. मी सुरुवातीला ऑनलाइन एक कंडेन्सरचा संच मागवला होता, सोबत स्टँड, फोमची टोपी, सगळं एका खोक्यात. त्याची वायर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात बसेल अशी होती, म्हणून मी ती तिथेच खुपसली. आवाज आला तो लांबून, बारीक आणि सगळा 'सूं' करत. सहा महिने मला वाटत होतं की माझा आवाजच रेकॉर्डिंगला चांगला नाही. मी गाणं रेकॉर्ड करणं सोडून दिलं होतं गं. मग कोणीतरी सांगितलं की असल्या माइकला ४८ व्होल्ट लागतात, त्याला फँटम पॉवर म्हणतात, आणि ते त्या भोकातून कधीच मिळत नाहीत. म्हणून तुला आधीच सांगतेय. आवाज वाईट आला तर स्वतःच्या गळ्यावर शेवटी संशय घे, आधी वायर बघ.

इथेच इंटरफेसची गरज कळते. लॅपटॉपच्या आत सगळी इलेक्ट्रिक गर्दी असते, त्यात ते माइकचं भोक म्हणजे भाजी मंडईत बसून पाढे म्हणण्यासारखं. इंटरफेस म्हणजे बाहेरचा एक छोटा डबा. माइकची अगदी क्षीण वीज तो आधी मोठी करतो, मग तिचे आकडे करतो आणि यूएसबीने संगणकाला देतो. फोकसराइट, बेहरिंगर, एम-ऑडिओ अशी बरीच नावं तुला दिसतील. नावावरून भांडत बसू नकोस. मी सांगते ते चार मुद्दे बघ. माइकच्या जाड तीन पिनांच्या, एक्सएलआर म्हणतात त्या, जागा दोन असाव्यात, एक नव्हे. एकात तू, दुसऱ्यात हार्मोनियम. दोन्ही वेगळे रेकॉर्ड झाले की नंतर पेटी जरा खाली आणि आवाज जरा वर असं करता येतं. एका माइकवर दोन्ही घेतलंस की भाताची खिचडी झाली, परत भात होत नाही. स्वस्त इंटरफेसमध्ये पुष्कळदा माइकसाठी एकच जागा असते आणि दुसरी गिटारसाठी, तिथे फसायला होतं, म्हणून फोटो मोठा करून बघ. दुसरं, ४८ व्होल्टचं बटण असू दे, आज लागलं नाही तरी पुढे लागेल. तिसरं, डायनॅमिक माइकला जोर जास्त लागतो, तेव्हा दुकानात डायनॅमिक माइकच लावून गेनचं बटण पाऊणपर्यंत फिरव आणि हेडफोनमध्ये फार 'सूं' ऐकू येतंय का बघ. आणि चौथं डायरेक्ट मॉनिटरिंग, ते सांगतेच.

तू गातेस, तो आवाज संगणकात जातो, तिथून परत तुझ्या हेडफोनमध्ये येतो. या फेरीला जो वेळ लागतो त्याला लेटन्सी म्हणतात. तो जास्त झाला की आपलाच आवाज आपल्याला उशिरा ऐकू येतो आणि ताल पायाखालून सरकतो. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाचा एक आकडा असतो. तो २५६ ठेवलास तर एका वेळचा उशीर जेमतेम पाच-सहा मिलिसेकंद, १०२४ ठेवलास तर एकवीस ते तेवीस, आणि जाऊन-येऊन तो दुपटीच्या आसपास. तुलना सांगू? तबलजी तुझ्यापासून दोन मीटरवर बसला असेल तर त्याचा आवाज तुझ्यापर्यंत यायलाही सहा मिलिसेकंद लागतात. ते कधी खटकलंय का? मग आठ-दहाने बिघडत नाही. आणि डायरेक्ट मॉनिटरचं बटण असलं तर तुझा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच थेट कानात येतो, उशिराचा प्रश्नच मिटतो. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकून घे, नुसतं खुपसलं आणि चाललं यावर समाधान मानू नकोस.

खोक्यावर '१९२ किलोहर्ट्झ' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, त्याचा बाऊ करू नकोस. माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मोजलं की पुरतं. सीडी ४४.१ वर चालते ती म्हणूनच. तू ४८ ठेव, व्हिडिओलाही तेच लागतं. २४ बिट मात्र नक्की निवड. १६ बिटमध्ये हळू ते मोठा हा पल्ला ९६ डेसिबलचा, २४ मध्ये हिशेबाने १४४. एवढी जागा असली की पातळी वर ढकलायची घाई राहत नाही. हे का महत्त्वाचं, ते आजीच्या वेळी सांगते.

यूएसबी माइकचं विचारलं होतंस. नुसतं बोलायचं असतं, ऑनलाइन शिकवणी घ्यायची असती, तर मी तोच सांगितला असता. पेटीसोबत गायचंय, म्हणून नको.

हेडफोन बंद कानांचे घे, वायरचे. कानाला पूर्ण झाकणारे, म्हणजे आतला तानपुरा बाहेर झिरपून परत माइकमध्ये जात नाही. ब्लूटूथचे गाताना चालत नाहीत, त्यांच्यात उशीर आधीच भरलेला असतो. दोन स्पीकर आत्ता खोड. आपल्या दहा बाय अकराच्या खोलीत ते ठेवले तर भिंतीच जास्त ऐकू येतील. गाणं तयार झालं की हेडफोनवर ऐक, मग मोबाईलच्या स्पीकरवर, मग तुझ्या यजमानांच्या गाडीत. तिन्हीकडे शब्द कळले की झालं.

आता विजेचं, कारण इकडे सगळे अडतात ते इथेच. रेकॉर्डिंगमध्ये मागे सलग 'हूं' येत असेल तर ती आपल्या घरातली ५० हर्ट्झची वीज आहे. बहुतेक वेळा घरातलं अर्थिंग कच्चं असतं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये घातलेला असतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालव. 'हूं' थांबलं तर चोर सापडला. मग वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे, एवीतेवी घरासाठीही ते हवंच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नकोस, साध्या इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, ती करकर आत येते. माइकची केबल चांगली घे, ती चार्जरच्या वायरीला बिलगून नेऊ नकोस. तीन पिनांच्या त्या केबलमध्ये तोच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो, वाटेत चिकटलेला कचरा दोन्हींत सारखा असतो, आणि इंटरफेसमध्ये पोचल्यावर वजाबाकीत तो निघून जातो. किती हुशार युक्ती आहे बघ.

आणि पावसाळा. काळू नदी भरली की आपल्याकडे पापडसुद्धा मऊ पडतात. काम झालं की माइक पुसून हवाबंद डब्यात ठेव, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. लोणच्याच्या बरणीची घेतेस तेवढीच काळजी.

पैशांचं म्हणशील, तर जे काही बाजूला काढलं असशील त्यातले शंभरातले चाळीस इंटरफेसला, तीस माइकला, वीस हेडफोनला आणि दहा स्टँड आणि केबलला. स्टँड डगमगणारा घेऊ नकोस, तेवढं एक. सॉफ्टवेअरला आत्ता काहीच लागत नाही, ऑडॅसिटी फुकट आहे. पुढे हात बसला की रीपर बघ, ते साठ दिवस वापरून बघता येतं. लॅपटॉप आहे तोच चालतो, दोन माइकच्या कामाला नवा कशाला? विकत घ्यायला एक शनिवार काढ, मी येते. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवर चालत सुटायचं. दुकानात तुझा लॅपटॉप, तुझे हेडफोन घेऊन जाऊ आणि तिथेच एक ओळ गाऊन बघू. लाजायचं नाही. कुर्ता घेताना ट्रायल घेतेस ना?

हार्मोनियमसाठी दुसरा माइक लगेच घेऊ नकोस, माझा घेऊन जा. तो पेटीच्या भात्यापासून लांब, वरच्या बाजूला, दीड-दोन फुटांवर ठेव, नाहीतर सूर कमी आणि भात्याचे उसासे जास्त येतील. तानपुरा आधी एका ट्रॅकवर घे, पेटीच्या काळी चारशी नीट जुळवून, आणि गाताना तो हेडफोनमध्ये ऐक. आणि गायला बसण्याआधी बांगड्या काढून ठेव. लयीत हात हलतो आणि प्रत्येक समेवर किणकिण येते.

आता आजीचं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण खरं सांगू का, तुझी यादी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच होतं.

माझ्या सासूबाई जुन्नरकडच्या. दळताना म्हणायच्या त्या ओव्या त्यांना पहाटे आठवायच्या, एरवी विचारलं तर "आता कुठलं गं" म्हणून उठून जायच्या. एका दिवाळीत त्या मनाने बसल्या आणि चाळीस मिनिटं म्हणत राहिल्या. माहेराच्या, भावाच्या, पंढरीच्या, आणि एक माझ्या दिराची, जो लहानपणीच गेला, त्याच्यावरची. मी ती कधी ऐकली नव्हती. मी सगळं लावलं होतं, पण आवाज छान मोठा यावा म्हणून गेन पूर्ण चढवला होता. त्यांचा आवाज चढला की लाल दिवा लागत होता, मला वाटलं लाल म्हणजे चालू. नंतर ऐकलं तर प्रत्येक चढत्या ओळीला आवाज फाटलेला. पंख्याची घरघर पुढे बरीचशी काढता येते, 'हूं' काढता येतं. फाटलेला आवाज जोडता येत नाही, कारण लाटेचा माथाच कापला गेलेला असतो, तो कुठे शिल्लकच नसतो. पुढच्या दिवाळीला परत घेऊ म्हटलं. पुढच्या दिवाळीला त्या नव्हत्या.

म्हणून तुला सांगते, दूध तापवताना पातेल्यात वर चार बोटं जागा ठेवतेस तशी ठेव. मीटरवर सगळ्यात वरचा आकडा शून्य असतो, आजीचा सगळ्यात मोठा स्वर उणे बाराच्या आसपास थांबू दे. आवाज लहान वाटला तर नंतर वाढवता येतो, त्या २४ बिटचा उपयोग तोच.

आणि हे काम छोटं समजू नकोस. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांच्या साथीने शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. एकदा ऐक. जात्याची घरघर आहे, मागे कोंबडा आहे, पोरांचा आवाज आहे, आणि त्यातून बाई इतकी स्पष्ट ऐकू येते की ती शेजारी बसलीय असं वाटतं. तिथे गोधड्या आणि फोम नव्हते. माइक योग्य जागी होता आणि ऐकणाऱ्याला घाई नव्हती.

आजी काही माइकला तोंड लावून गाणार नाही, आणि तिला तसं सांगूही नकोस, ती अवघडेल. तिच्यासाठी माझा कंडेन्सर ने, तो फूट-दीड फुटावरूनही नीट ऐकतो. त्या एका दिवसापुरती शांतता आपण सांभाळू. तुझ्या हळदीला पूजलेलं ते लहान जातं काढ, मूठभर तांदूळ घे. जात्याचा आवाज मोठा असतो, म्हणून खाली जाड सतरंजी घाल, आणि माइक जात्याकडे न रोखता तिच्या कपाळाच्या उंचीवरून तोंडाकडे उतरता ठेव, दळताना मान खाली जाते ना. शाळा भरल्यावर, सकाळी अकराच्या सुमाराला बस, तेव्हा सोसायटी शांत असते. फ्रिज बंद कर, गाडीची किल्ली आतच ठेव, म्हणजे परत चालू करायचा विसरणार नाहीस. रेकॉर्डिंग ती बसायच्या आधीच चालू करून ठेव आणि ती उठल्यावरही पाच मिनिटं चालू राहू दे. जागेची चिंता नको, एका माइकचं तासभराचं काम अर्ध्या जीबीच्या आसपास होतं. ते वेव्ह फाइलमध्येच ठेव, एमपीथ्री फक्त पाठवायला. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, आणि एक माझ्याकडे आणून दे.

मधेच मेल गेली तर आजीला थांबवू नकोस, गाडी जाऊ दे. आणि तुला मघाशी बांगड्या काढ म्हटलं ना, ते तिला सांगू नकोस. तिच्या वाजू देत.